वाहनातल्या दोषाची सरकारी तक्रार: वाचतं कोण आणि चौकशी कशावरून लागते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चालत्या गाडीत पॉवर स्टीअरिंग अचानक गेलं आणि थोड्या वेळाने आपोआप परत आलं. सर्व्हिस सेंटरने जॉब कार्डवर ‘दोष आढळला नाही’ असं लिहून गाडी हातात दिली. मालकाने सरकारी वाहन सुरक्षा यंत्रणेकडे तक्रार नोंदवली. तक्रार क्रमांक आला, पुढे सगळी शांतता. या तक्रारी कोणी वाचतं का? किती तक्रारी जमल्या की चौकशी लागते?

वाचतात. मात्र तुमची गाडी दुरुस्त करून देण्यासाठी वाचत नाहीत, आणि इथेच बहुतेकांचा अपेक्षाभंग होतो. पैसे परत हवेत, गाडी बदलून हवी, डीलरला धडा शिकवायचाय, यासाठी ग्राहक न्यायालय आहे. सुरक्षा नियामक तुमच्या तक्रारीकडे फक्त एवढ्यासाठी बघतो: याच मॉडेलमध्ये हेच, अशाच प्रकारे, आणखी कोणाचं होतंय का? आणि होत असेल तर त्यात कोणाचा जीव जाऊ शकतो का?

मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला काम केलं आहे. वाहन उद्योगात ‘फील्ड क्वालिटी’ नावाचा विभाग असतो. विकून झालेल्या गाड्यांमध्ये काय बिघडतंय ते गोळा करायचं, आणि नियामकाचं पत्र आलं की त्याचं उत्तर तयार करायचं, हे त्याचं काम. पुढची उदाहरणं बरीचशी अमेरिकेची देतो, कारण तिथल्या एनएचटीएसए या सरकारी वाहन सुरक्षा यंत्रणेची चौकशीची कागदपत्रं बऱ्यापैकी उघडी असतात. लोकांच्या तक्रारी, कंपनीला गेलेलं पत्र, चौकशी बंद का केली त्याची कारणं, सगळं वाचता येतं. इतर देशांतलं काम साधारण याच वळणाने जातं, फक्त पडद्याआड.

पहिली पायरी चाळणीची. ही चाळणी किती अरुंद असते याची कल्पना लोकांना नसते. 2014 मध्ये जनरल मोटर्स (जीएम) कंपनीच्या गाड्यांमधल्या इग्निशन स्विचचं, म्हणजे चावी फिरवायच्या स्विचचं, प्रकरण गाजलं आणि अमेरिकेत तक्रारींचा पूर आला. त्यानंतर 2015 मध्ये तिथल्या परिवहन खात्याच्या महानिरीक्षकांनी एनएचटीएसएचंच ऑडिट केलं. त्यात दिसलं ते असं: दिवसाला सरासरी 330 तक्रारी येत होत्या आणि त्यांची पहिली छाननी एकच माणूस करत होता, तीही इतर कामं सांभाळून. पुढच्या टप्प्यावर जात होत्या त्यातल्या साधारण दहा टक्के. म्हणजे एका तक्रारीच्या वाट्याला फार तर मिनिटभर. त्या मिनिटात तुमचा मजकूर कामाचा वाटला नाही तर तो डेटाबेसमध्ये राहतो खरा, पण त्या दिवशी कोणाच्या टेबलावर जात नाही.

मग कामाचा मजकूर कोणता? एकाच बिघाडाच्या दोन तक्रारी बघा, मी रचलेल्या, पण अगदी नेहमीच्या घाटाच्या. पहिली: ‘अत्यंत भिकार गाडी. स्टीअरिंगचा प्रॉब्लेम आहे. तीनदा सर्व्हिस सेंटरला नेली, कोणी दाद देत नाही. कंपनीवर कारवाई झालीच पाहिजे.’ दुसरी: ‘उजवीकडे वळताना, वेग अंदाजे 40, स्टीअरिंग एकदम जड झालं. दोन्ही हातांनी जोर लावूनही वळण पूर्ण झालं नाही, गाडी शेजारच्या लेनमध्ये गेली. इंजिन चालूच होतं. डॅशबोर्डवर स्टीअरिंगचा दिवा लागला, बीप वाजला. गाडी बंद करून पुन्हा सुरू केल्यावर दिवा गेला. तोवर गाडी 31 हजार किलोमीटर चालली होती.’

पहिल्या माणसाचा राग अगदी रास्त आहे, पण त्यातून अभियंत्याच्या हाती काही लागत नाही. दुसऱ्या तक्रारीत भाग कळतो, तो कसा निकामी झाला ते कळतं, त्याचा परिणाम काय झाला ते कळतं. आणि सगळ्यांत मोलाचे शब्द आहेत ‘इंजिन चालूच होतं’. हे तीन शब्द किती वजनाचे आहेत ते कळायला जीएमच्या शेवरोले कोबाल्ट या एकाच गाडीचा इतिहास पुरेसा आहे.

कोबाल्टमध्ये पॉवर स्टीअरिंगला मदत करणारी इलेक्ट्रिक मोटर दगा द्यायची. जानेवारी 2010 मध्ये एनएचटीएसएने चौकशी उघडली तेव्हा 1,100 हून जास्त तक्रारी जमल्या होत्या. मार्चमध्ये जीएमने कोबाल्ट आणि तिच्या भावंडांसह सुमारे 13 लाख गाड्या परत बोलावल्या. पद्धतशीर, पुस्तकात दाखवावं असं प्रकरण. पण त्याच कोबाल्टमध्ये दुसराही दोष होता. इग्निशन स्विच इतका सैल होता की चावीला किल्ल्यांचा जड जुडगा लटकत असेल किंवा गुडघ्याचा धक्का लागला तर चावी ‘रन’वरून ‘ॲक्सेसरी’वर सरकायची. इंजिन बंद, त्यामुळे स्टीअरिंगची मदत बंद, ब्रेकची मदत घटलेली, आणि वर एअरबॅगही मुकी. चालकाच्या हाताला जाणवतं ते तेच: स्टीअरिंग जड झालं. म्हणजे ‘स्टीअरिंग गेलं’ एवढंच लिहिलेली तक्रार कोणत्या फाइलमध्ये घालायची हे वाचणाऱ्याला ठरवता येत नाही. दुसऱ्या दोषाचं रिकॉल सुरू व्हायला फेब्रुवारी 2014 उजाडलं. सुमारे 26 लाख गाड्या होत्या, आणि भरपाई निधीने नंतर 124 मृत्यू या दोषाच्या नावावर मान्य केले.

यातली बोचणारी गोष्ट अशी की नियामकाकडे धागा आधीच होता. 2006 मध्ये विस्कॉन्सिन राज्यात झालेल्या एका जीवघेण्या अपघाताच्या पोलिस अहवालात लिहिलेलं होतं की चावी ‘ॲक्सेसरी’वर असावी असं दिसतं आणि एअरबॅग त्यामुळे उघडल्या नसाव्यात. 2007 मध्ये एनएचटीएसएच्याच एका विभागप्रमुखाने चौकशी उघडायची शिफारस केली. समितीने आकडे पाहिले आणि ती नाकारली, कारण त्याच वर्गातल्या इतर गाड्यांच्या तुलनेत कोबाल्टमध्ये एअरबॅग न उघडण्याचं प्रमाण डोळ्यांत भरण्याइतकं वेगळं दिसलं नाही. 2010 मध्ये पुन्हा विचार झाला, पुन्हा तेच. एअरबॅगच्या तक्रारी एअरबॅगच्या खान्यात, इंजिन बंद पडल्याच्या इंजिनच्या खान्यात. दोन्ही खाने एकत्र करून पाहावेत असं कोणाला सुचलं नाही. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेचं सगळ्यांत कच्चं अंग हेच आहे. भागानुसार वर्गवारी केल्याशिवाय हजारो तक्रारी हाताळता येत नाहीत, आणि वर्गवारी केली की दोन भागांच्या मधला दोष फटीत पडतो.

आता ‘किती तक्रारी’चा प्रश्न. ठरावीक आकडा नाही. अमेरिकी कायद्यात ‘सुरक्षेला अवाजवी धोका’ अशी कसोटी आहे, आणि तिचा अर्थ न्यायालयांनी लावत नेला आहे. 1975 च्या एका निकालात ट्रकच्या चाकांचा प्रश्न होता. चाकं फुटत होती आणि जीएमचं म्हणणं होतं की मालक जादा माल लादतात. न्यायालय म्हणालं की मालक असं करणार हे आधी ओळखता येण्यासारखं असेल तर ती सबब चालणार नाही. आणि बिघाडांची संख्या ‘लक्षणीय’ हवी, म्हणजे अगदी नगण्य नको, पण बहुसंख्य गाड्यांत बिघाड झालाच पाहिजे असंही नाही. तुमच्या प्रश्नाच्या जास्त जवळचा निकाल 1977 चा आहे. 1959 आणि 1960 च्या कॅडिलॅक गाड्यांमध्ये स्टीअरिंगचा पिटमन आर्म, म्हणजे स्टीअरिंगची हालचाल चाकांकडे नेणारा दांडा, तुटत होता. कंपनीचा बचाव असा की हे बहुतेक वेळा गाडी पार्क करताना, अगदी कमी वेगात होतं. न्यायालयाने तो फेटाळला. स्टीअरिंग निकामी होणं हाच धोका, अपघातांची मोजदाद करत बसायची गरज नाही, असा त्याचा आशय. म्हणून स्टीअरिंग, ब्रेक, आग, एअरबॅग, अचानक बंद पडणारं इंजिन यांच्या मूठभर तक्रारीही पुढे सरकतात, आणि खिडकीच्या काचेच्या शेकडो तक्रारी पडून राहतात.

भारतात 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 110ए आलं. त्यात सरकारला रिकॉलचा आदेश देता येतो, आणि दोष नजरेस येण्याचे तीन मार्ग आहेत: ठराविक टक्के मालकांच्या तक्रारी, चाचणी संस्थेचा अहवाल, किंवा अन्य कोणताही स्रोत. पहिल्या मार्गाबद्दल मला शंका आहे. टक्केवारी ठरवली की लोक तक्रारी गोळा करण्याच्या मागे लागतात, एकसारखा मजकूर चिकटवतात, आणि तपासणाऱ्याच्या दृष्टीने शंभर तक्रारींची किंमत एका तक्रारीवर येते. शिवाय क्वचित घडणारा पण जीवघेणा दोष टक्केवारीपर्यंत पोचेस्तोवर व्हायचं ते होऊन जातं. तिसरा मार्ग नीट वापरला तर पहिल्याची गरजच उरणार नाही.

चाळणीतून काही तक्रारी पुढे गेल्या की अभियंता त्या पसरून बसतो. हा माझ्या आवडीचा भाग, कारण इथे तक्रार बोलायला लागते. तुम्ही दिलेल्या 17 अक्षरी व्हीआयएनवरून, म्हणजे आपल्या बोलीतल्या चॅसी नंबरवरून, गाडी कधी आणि कुठल्या कारखान्यात बनली ते काढता येतं. बिघडलेल्या गाड्या उत्पादनाच्या तारखेप्रमाणे मांडायच्या. त्या एखाद्या महिन्यापासून अचानक सुरू होऊन काही महिन्यांनी थांबत असतील तर संशय पुरवठादारावर: सोल्डरिंगची पद्धत बदलली, साच्याची झीज झाली, एखादी बॅच खराब निघाली. सगळ्या उत्पादनात पसरलेल्या असतील पण ठरावीक किलोमीटरनंतरच दिसत असतील तर झीज किंवा मुळात आराखड्यातला दोष. आणि नकाशावर एका पट्ट्यात गोळा होत असतील तर हवामान. टकाटा कंपनीच्या एअरबॅग इन्फ्लेटरचं, म्हणजे एअरबॅग फुगवणाऱ्या भागाचं, तेच झालं. आत अमोनियम नायट्रेट होतं, ओलावा शोषणारं द्रव्य नव्हतं. दमट आणि उष्ण हवेत वर्षानुवर्षं राहून ते बिघडायचं आणि अपघाताच्या क्षणी इन्फ्लेटर फुटून धातूचे तुकडे उडायचे. 2014 मध्ये यासाठी निघालेली रिकॉल आधी फ्लोरिडा, हवाई, पोर्तो रिको अशा दमट भागांपुरतीच होती. पुढे ती पसरत गेली आणि एकट्या अमेरिकेत सुमारे 6 कोटी 70 लाख इन्फ्लेटरपर्यंत पोचली. म्हणून तक्रारीत व्हीआयएन रिकामा सोडू नका. गोपनीयतेची काळजी असते, समजू शकतो, पण त्याच्याशिवाय तुमची गाडी या मांडणीत कुठेच बसत नाही.

मांडणीत काही दिसलं तर औपचारिक चौकशी उघडते. अमेरिकेत आधी प्राथमिक मूल्यमापन, आणि त्यात दम निघाला तर अभियांत्रिकी विश्लेषण. प्राथमिक टप्प्यावर कंपनीकडे जे पत्र येतं त्याने आमच्याकडे सगळ्यांची झोप उडायची. किती गाड्या बनवल्या, महिन्यागणिक. याच लक्षणाच्या किती तक्रारी तुमच्याकडे आल्या. डीलरचे किती अहवाल. किती दावे, किती खटले. किती वॉरंटी दुरुस्त्या. त्या भागात आजवर कोणते बदल केले, कोणत्या तारखेला, का, जुना आणि नवा पार्ट नंबर काय. शेवटी, तुमचं स्वतःचं मत काय. मुदतीत उत्तर दिलं नाही किंवा लपवलं तर दंड.

या पत्रातला सगळ्यांत धारदार प्रश्न भागातल्या बदलांचा असतो. कंपनीने गाजावाजा न करता भाग सुधारला असेल तर दोष तिला माहीत होता याचा तो पुरावा. जीएमच्या स्विचमध्ये नेमकं हेच झालं होतं. भाग मधेच बदलला, पण पार्ट नंबर तोच ठेवला, त्यामुळे कागदावर बदल दिसतच नव्हता. वर्षांनंतर एका खटल्यासाठी नेमलेल्या तज्ज्ञाने जुना आणि नवा स्विच शेजारी ठेवून उघडले तेव्हा फरक सापडला.

कंपनीच्या बाजूने होणारी खेचाखेच बहुतेक व्याख्येवर असते. पत्रात ‘कथित दोष’ कसा मांडलाय ते वकील दहादा वाचतात. ‘स्टीअरिंगची मदत पूर्णपणे बंद होणे’ असं लिहिलं असेल तर ‘कधीकधी जड लागतं’ वाल्या तक्रारी मोजायच्या की नाही? अनुभवी तपासनीस म्हणून व्याख्या सैल ठेवतो आणि ‘दोष आढळला नाही’ शेरा असलेली जॉब कार्डंही मागवतो. तुमच्या हातात जे कार्ड आहे ते. अधूनमधून येणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बिघाडात असे शेरे ढिगाने असतात, आणि एकाच भागाभोवती त्यांचा ढीग जमला तर तोच एक संकेत ठरतो. तेव्हा त्या कार्डावर चिडू नका, फक्त ‘ग्राहकाची तक्रार’ या रकान्यात तुमचेच शब्द नीट लिहिले गेलेत ना ते बघा. ‘जनरल चेकअप’ असं लिहून दिलं असेल तर ते कार्ड कोणाच्याच मोजणीत येणार नाही.

कंपनीच्या माहितीवर भिस्त ठेवण्यात धोका आहेच. 2000 साली जपानमध्ये मित्सुबिशी मोटर्सला कबूल करावं लागलं की 1977 पासून ग्राहकांच्या तक्रारी सरकारपासून दडवल्या जात होत्या. कागद कर्मचाऱ्यांच्या लॉकरमध्ये ठेवलेले सापडले. त्याच वर्षी अमेरिकेत फायरस्टोन टायरचं प्रकरण पेटलं. त्यात तर 1998 मध्येच एका विमा कंपनीच्या संशोधकाने 21 घटनांची माहिती एनएचटीएसएला कळवली होती, आणि तिचं काही झालं नाही. मग आलेल्या ‘ट्रेड’ (TREAD) नावाच्या कायद्याने कंपन्यांना मृत्यू, जखमा, वॉरंटी दावे यांची माहिती ठरावीक काळाने स्वतःहून देणं बंधनकारक केलं. तरीही 2015 मध्ये होंडाला 7 कोटी डॉलरचा दंड झाला. मृत्यू आणि जखमांचे 1,729 दावे तिने कळवलेच नव्हते. मालकांची थेट तक्रार टिकून आहे ती यामुळेच. कंपनीच्या हातातून न जाता नियामकाकडे येणारी मुख्य माहिती हीच आहे.

पण मालकांच्या तक्रारींनाही मर्यादा आहेत, हे कबूल केलं पाहिजे. 1986 मध्ये ऑडी 5000 आपोआप धावत सुटते असा टीव्ही कार्यक्रम झाला आणि तक्रारींचा महापूर आला. 1989 मध्ये एनएचटीएसएने निष्कर्ष काढला की मुख्यतः चालकांचा पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडत होता. टोयोटाच्या गाड्यांबद्दलही अशाच तक्रारी आल्या तेव्हा नासाच्या अभियंत्यांकडून इलेक्ट्रॉनिक्स तपासून घेतलं. फेब्रुवारी 2011 च्या अहवालात मोठ्या अनपेक्षित वेगवाढीचं इलेक्ट्रॉनिक कारण सापडलं नाही. फ्लोअर मॅटमध्ये अडकणारं आणि चिकटणारं पेडल मात्र खरं होतं, त्यासाठी रिकॉल आधीच झाली होती. चालक खोटं बोलत होते असं नाही. घाबरलेल्या माणसाला आपला पाय कुठे होता हे खरंच आठवत नाही. म्हणून बातमी गाजण्याआधीच्या तारखेची एक तक्रार नंतरच्या पन्नास तक्रारींपेक्षा जास्त तोलाची मानली जाते. तुमची आधीची असेल तर तुम्ही मोठं काम केलंय.

पुढचा टप्पा प्रयोगशाळेचा. एनएचटीएसएचं स्वतःचं चाचणी केंद्र ओहायोतल्या ईस्ट लिबर्टीला आहे. तिथे तक्रारदारांच्या गाड्या किंवा काढलेले भाग आणून बिघाड मुद्दाम घडवून बघतात, दुसऱ्या कंपन्यांच्या तशाच गाड्यांशी तुलना करतात. यात महिने जातात, कधी वर्षं. तुम्हाला जाणवणारी शांतता बहुधा याच काळातली असते, किंवा चौकशी उघडलेलीच नसते. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. शेवटी सक्तीचा आदेश निघणं दुर्मीळ. बहुतेक वेळा कंपनीच, आकडे समोर ठेवल्यावर, ‘स्वेच्छेने’ रिकॉल जाहीर करते. ती स्वेच्छा किती असते ते आम्हाला माहीत आहे.

तुम्ही आता काय करावं? तक्रार केली आहे ती पुरवणी मजकुराने भरून काढा: वेग, वळण, इंजिन चालू होतं का, कोणता दिवा लागला, गाडी बंद-चालू केल्यावर काय झालं. पुन्हा झालं तर दिव्याचा फोटो, अर्थात गाडी थांबवूनच. सर्व्हिस सेंटरला नेल्यावर फॉल्ट कोड, म्हणजे गाडीच्या संगणकाने केलेली बिघाडाची नोंद, पुसण्याआधी त्याची प्रिंट मागा, आणि त्याआधी बॅटरीची वायर काढू देऊ नका. बऱ्याच गाड्यांत कोड त्याने जातात. भाग बदलला तर जुना भाग मागून घ्या. वॉरंटीत कंपनी तो परत नेते, तेव्हा निदान त्यावरच्या लेबलचा फोटो काढा; पार्ट नंबर आणि तारखेचा कोड तिथेच असतो. तक्रारीत दिलेला फोन नंबर चालू ठेवा, तपासनीस फोन करतात, आणि तो फोन वर्षभरानेही येऊ शकतो.

अमेरिकेत आणखी एक वाट आहे जी फार कमी लोक वापरतात. कोणीही माणूस चौकशी उघडण्यासाठी रीतसर अर्ज करू शकतो. यंत्रणेने तो 120 दिवसांत मान्य किंवा अमान्य करायचा असतो, आणि अमान्य केला तर कारणं प्रसिद्ध करावी लागतात. तुमच्यासारख्या आणखी काही मालकांच्या तपशीलवार तक्रारी जोडता आल्या तर अशा अर्जाला वजन येतं.

आणि मधल्या काळात गाडी विकली तरी तक्रार तशीच राहू द्या. ती व्हीआयएनशी जोडलेली असते. रिकॉल निघाली की पत्र ज्याच्या नावावर गाडी असेल त्याला जातं, आणि दुरुस्ती त्याला फुकट करून मिळते.